दम लागतो, पण पंपिंग नॉर्मल

१७७५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरकडे एका घरगुती काढ्याची कृती आली. अंगभर सूज, पोटात पाणी, रात्री आडवं पडलं की जीव घाबरा करणारा श्वास, अशा रोग्यांना श्रॉपशर परगण्यातली एक म्हातारी हा काढा देत असे. नावाजलेल्या वैद्यांनी हात टेकलेले काही रोगी तिच्या औषधाने बरे होत. काढ्यात वीसेक झाडपाले होते. त्यातला गुण फॉक्सग्लोव्ह या जांभळ्या घंटांसारख्या फुलांच्या झुडपाचा आहे, हे विदरिंगने ओळखलं. दहा वर्षं रोग्यांवर मात्रा जोखून १७८५ साली त्याने आपला ग्रंथ छापला. या झुडपाचं शास्त्रीय नाव डिजिटॅलिस. डिजॉक्सिनची जी गोळी आजही औषधाच्या दुकानात मिळते, ती याच कुळातली. म्हातारीचं नाव मात्र विदरिंगने लिहून ठेवलं नाही. 'मदर हटन' हे नाव तिला विसाव्या शतकातल्या जाहिरातीने दिलं. खरं नाव कुठेच नोंदलेलं नाही.

सव्वादोनशे वर्षांनी या औषधाबद्दल एक गोष्ट उजेडात आली. अमेरिका आणि कॅनडात हार्ट फेल्युअरच्या ६,८०० रोग्यांवर डिजॉक्सिनची मोठी चाचणी झाली होती. १९९७ साली तिचा निष्कर्ष जाहीर झाला: मृत्यू कमी होत नाहीत, पण रुग्णालयात भरती होण्याचे प्रसंग घटतात. त्या ६,८०० जणांत बायका जेमतेम पाचातली एक. २००२ साली काही संशोधकांनी तेच आकडे स्त्री आणि पुरुष असे वेगळे मांडले. डिजॉक्सिन घेणाऱ्या बायकांपैकी ३३.१ टक्के दगावल्या होत्या आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी २८.९ टक्के. पुरुषांत असा तोटा दिसत नव्हता. बायकांच्या रक्तात औषधाची पातळी अधिक चढत होती, असं एक कारण पुढे आलं. चाचणी संपल्यावर केलेली ही फोड असल्याने तिच्यावर वाद झाले आणि ते रास्तही होते. पण त्यानंतर डिजॉक्सिनची रक्तातली पातळी पूर्वीपेक्षा कमी राखण्याकडे डॉक्टरांचा कल झाला. बायकांचे आकडे वेगळे काढून पाहावेत, एवढीच ती युक्ती होती, आणि ती सुचायला पाच वर्षं लागली.

हार्ट फेल्युअर म्हणजे हार्ट अटॅक नव्हे आणि हृदय बंद पडणंही नव्हे. शरीराला लागेल तेवढं रक्त हृदय पुरवू शकत नाही, किंवा पुरवण्यासाठी त्याला आतला दाब भलताच वाढवावा लागतो, ही ती अवस्था. मग पाणी मागे तुंबतं. फुफ्फुसात तुंबलं की धाप लागते, पायांत उतरलं की चपलेचा पट्टा रुततो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ साली ५,२०९ स्त्रीपुरुषांची नोंद करून जो दीर्घ अभ्यास सुरू झाला, त्याने एक बाब पक्की केली: चाळिशीत असलेल्या माणसाला उरलेल्या आयुष्यात हा आजार होण्याची शक्यता पाचात एक असते आणि ती स्त्रीला व पुरुषाला सारखीच असते. हा पुरुषांचा रोग आहे, ही समजूत आकड्यांवर उभी नाही. फरक आहे तो आजार कुठल्या वाटेने येतो, कसा दिसतो आणि कधी ओळखला जातो यात.

पुरुषात त्याची नेहमीची वाट हार्ट अटॅकमधून जाते. हृदयाची एखादी रक्तवाहिनी तुंबते, स्नायूचा एक भाग मरतो, उरलेलं हृदय ताणून फुगतं आणि ढिलं पडतं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला की डॉक्टर सांगतात, पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय. घरच्यांच्या तोंडीही हाच आकडा बसतो. हा आकडा म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन: डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर पडलं.

बायकांमध्ये अनेकदा हा आकडा खाली येतच नाही. वर्षानुवर्षांचा रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं वजन आणि पाळी गेल्यानंतरचे बदल यांनी हृदयाची भिंत जाड आणि ताठ होते. कातडं आखडलेली पखाल पाण्यात बुडवली तर ती फुगत नाही, थोडंच पाणी घेते, पण जे घेते ते नीट ओतते. हृदयाचं तसंच होतं. समजा, निरोगी कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त भरतं आणि ७० बाहेर पडतं, म्हणजे पंपिंग ५८ टक्के. ताठर कप्प्यात ८० मिलिलिटरच भरलं आणि ४८ बाहेर पडलं, तर पंपिंग भरतं चक्क ६० टक्के. कागदावरचा आकडा पहिल्यापेक्षा चांगला, आणि शरीराला मिळालेलं रक्त तिसऱ्या हिश्श्याने कमी. अशा बाईला जिन्याच्या दुसऱ्या वळणावर थांबावं लागतं, रात्री उशाला दोन उशा घ्याव्या लागतात, आणि रिपोर्ट पाहून घरातले म्हणतात, पंपिंग तर नॉर्मल आहे, उगाच काळजी करू नकोस. मग वय झालं, वजन वाढलं, गॅस झाला, मन लावून घेतेस, असं एकेक कारण निघत जातं.

पन्नास किंवा त्याहून अधिक टक्के पंपिंग असलेला हा प्रकार बायकांत जास्त आढळतो, तर चाळीस किंवा त्याखालचा पुरुषांत. या फरकाची मुळंही फ्रॅमिंगहॅमच्या नोंदींत सापडतात. १९७४ साली तिथे दिसलं की मधुमेहामुळे पुरुषाचा हार्ट फेल्युअरचा धोका दुपटीहून थोडा अधिक होतो आणि बाईचा पाचपट. १९९६ साली हिशेब झाला की पुरुषांतल्या ३९ टक्के हार्ट फेल्युअरच्या मागे उच्च रक्तदाब आहे आणि बायकांतल्या ५९ टक्क्यांच्या. रक्तदाबाची गोळी दोन दिवस चुकली तर चालतं, असं सहज म्हणणाऱ्या प्रत्येक घराने हा दुसरा आकडा लक्षात ठेवायला हवा.

मोजपट्टीतही फरक आहे. निरोगी बाईचं हृदय आकाराने लहान असतं आणि त्याचं पंपिंग पुरुषाहून दोनेक टक्क्यांनी जास्त असतं. इको तज्ज्ञांच्या अमेरिकी व युरोपीय संघटनांनी २०१५ साली पुरुषांसाठी ५२ ते ७२ आणि बायकांसाठी ५४ ते ७४ अशा वेगळ्या मर्यादा दिल्या. फरक किरकोळ वाटेल, पण औषधाच्या चाचणीत कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही हे अशाच मर्यादांवर ठरतं.

चाचण्यांचा इतिहास इथे थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण आजच्या प्रिस्क्रिप्शनची पाळंमुळं त्यात आहेत. हार्ट फेल्युअरमध्ये औषधाने आयुष्य वाढू शकतं याचा पहिला मोठा पुरावा १९८६ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आला. ६४२ रोगी, सगळे पुरुष. त्या रुग्णालयांत येणारे रोगीच पुरुष असल्याने यात कोणाचा दुष्टावा शोधायचं कारण नाही. पण निष्कर्ष जगभरच्या बायकांनाही लागू झाला. त्याआधी १९७७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली होती. थॅलिडोमाइड या औषधामुळे अपंग जन्मलेल्या बाळांची आठवण ताजी होती, म्हणून त्या सावधगिरीमागची कळकळ समजते. मात्र ज्या आजाराच्या बहुसंख्य स्त्रीरोगी साठीसत्तरीच्या आहेत, त्याच्या चाचण्यांतही बायका कमीच राहिल्या, याचं समर्थन त्या सूचनेने होत नाही. १९९३ साली ती सूचना मागे घेतली गेली आणि सरकारी पैशाने होणाऱ्या संशोधनात बायकांचा समावेश कायद्याने बंधनकारक झाला. तरी चाचणीत यायला पंपिंग पस्तीस-चाळीसच्या खाली हवं, अशी अट घातली की बायका आपोआप बाहेर राहतात. कोणी मुद्दाम दार लावत नाही, पण त्या आत येत नाहीत.

याचे परिणाम आता एकेक करून समोर येत आहेत. युरोपातल्या ११ देशांतल्या, पंपिंग घटलेल्या १,३०८ पुरुष आणि ४०२ बायकांच्या नोंदी २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. एसीई इन्हिबिटर आणि बीटा ब्लॉकर या औषधांची शिफारस केलेली पूर्ण मात्रा घेणाऱ्या पुरुषांना सर्वाधिक फायदा होता. बायकांना तेवढाच फायदा साधारण निम्म्या मात्रेवर मिळून जात होता आणि मात्रा वाढवून त्यात भर पडत नव्हती. आशियातल्या रोग्यांच्या वेगळ्या नोंदींतही तोच कल आढळला. हे निरीक्षण आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नाही. त्यामुळे कोणी आपल्या मनाने गोळी अर्धी करू नये. पण पंचेचाळीस किलोच्या बाईला चक्कर येते, रक्तदाब नव्वदवर उतरतो, आणि तिने पूर्ण मात्रा सोसलीच पाहिजे असा आग्रह चालू राहतो, तेव्हा ही पूर्ण मात्रा कोणावर ठरली होती हा प्रश्न विचारायलाच हवा.

उलट दिशेचं उदाहरण एका यंत्राचं आहे. हृदयाच्या दोन बाजू मागेपुढे आकुंचन पावत असतील तर त्यांचा मेळ घालणारा खास पेसमेकर बसवतात. तो कोणाला बसवायचा हे ईसीजीमधल्या एका लाटेच्या रुंदीवर ठरतं आणि जोरदार शिफारस होती १५० मिलिसेकंदांच्या पुढे. २०१४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनातल्या संशोधकांनी तीन चाचण्यांचे आकडे एकत्र केले. हृदयाच्या डाव्या बाजूची विद्युतवाट अडलेल्या आणि लाटेची रुंदी १३० ते १४९ असलेल्या बायकांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावण्याचा धोका या यंत्रामुळे ७६ टक्क्यांनी घटलेला दिसला. त्याच रुंदीच्या पुरुषांना फायदा नव्हता. म्हणजे लहान हृदयाला लहान मोजपट्टी लागते आणि ती न वापरल्यामुळे ज्यांना यंत्राचा सर्वाधिक उपयोग झाला असता अशा काही बायका रांगेतच उभ्या राहिल्या.

ताठर हृदयाच्या प्रकारावर तर कित्येक वर्षं औषधच लागू पडत नव्हतं. २०१९ साली सॅक्युबिट्रिल आणि व्हॅल्सार्टन या जोडगोळीच्या चाचणीत निम्म्याहून अधिक, ५२ टक्के, बायका होत्या. एकूण निकाल थोडक्यात हुकला, पण बायकांचे आकडे वेगळे काढल्यावर भरती होण्याचे प्रसंग त्यांच्यात बरेच कमी झालेले दिसले, पुरुषांत नाहीत. त्यानंतर २०२१ आणि २०२२ साली मूळ मधुमेहासाठी निघालेल्या एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या औषधांचा या प्रकारात उपयोग सिद्ध झाला. दोन्ही चाचण्यांत पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास बायका होत्या आणि फायदा स्त्रीपुरुषांना सारखा होता. ही खरोखर आनंदाची बातमी आहे, आणि या गोळ्या आता तालुक्याच्या गावीही मिळतात.

काही वाटा अशा आहेत की त्यांवरून पुरुष जातच नाही. गरोदरपणाचे शेवटचे दिवस आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने या काळात, आधी ठणठणीत असलेल्या बाईचं हृदय अचानक फुगून ढिलं पडू शकतं. पेरिपार्टम कार्डिओमायोपथी हे त्याचं नाव. त्याची लक्षणं बाळंतिणीच्या रोजच्या तक्रारींसारखीच दिसतात: थकवा, पायांवर सूज, धाप, रात्रीची जाग. बाळ झोपू देत नाही, सूज उतरेल हळूहळू, सव्वा महिना जाऊ दे, असं प्रेमानेच सांगितलं जातं. तिला उताणं झोपलं की गुदमरतं आणि उठून बसल्यावर बरं वाटतं, एवढं कोणी नीट ऐकलं तरी एक इको होऊ शकतो. २००७ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या डेनिझ हिलफिकर-क्लाइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा तुटलेला एक तुकडा हृदयातल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतो. त्यावरून ब्रोमोक्रिप्टिन हे दूध थांबवण्याचं जुनं औषध नेहमीच्या उपचारांच्या जोडीला वापरून पाहिलं जाऊ लागलं. बऱ्याच जणींचं हृदय काही महिन्यांत सावरतं. ज्यांचं सावरत नाही, त्यांच्यासाठी पुढचं गरोदरपण जिवावर बेतू शकतं. 'आता एक मुलगा होऊ दे' हा आग्रह अशा घरात कोणत्या बाईला केला जातोय, हे डॉक्टरने सासूसासऱ्यांना समोर बसवून सांगावं लागतं.

गरोदरपणी रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिनं जाऊ लागली असतील, तर त्या बाईला पुढच्या आयुष्यात हार्ट फेल्युअर होण्याचा धोका सुमारे चौपट असतो. तीस वर्षांनी ती हृदयाच्या डॉक्टरकडे जाते तेव्हा केसपेपरवर तंबाखू, दारू, मधुमेह यांची चौकट असते. बाळंतपणात काय झालं होतं, हे बहुधा विचारलंच जात नाही आणि तिलाही ते सांगण्याजोगं वाटत नाही.

स्तनाच्या कर्करोगावरच्या उपचारांचंही असंच. रोगी ज्याला लाल केमो म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन आणि १९९८ पासून वापरात आलेलं ट्रास्टुझुमॅब, दोन्ही जीव वाचवणारी औषधं आहेत. दोन्ही एकदम दिल्यावर २७ टक्के बायकांच्या हृदयावर परिणाम झाल्याचं २००१ साली दिसलं. तेव्हापासून ती एकत्र देणं टाळतात आणि दर तीन महिन्यांनी इको करतात. कर्करोग बरा झाला म्हणून तो इको चुकवू नये. आणखी एक वाट धक्क्याची: जबर धक्क्याने हृदय तात्पुरतं लुळं पडणारा टाकोत्सुबो हा आजार जपानमध्ये १९९० साली वर्णिला गेला. त्याचे दहातले नऊ रोगी बायका असतात आणि त्यातल्या बहुतेक पाळी गेलेल्या. बहुतेकींचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं.

भारतात येताना आधी एक आकडा समोर ठेवावा लागतो. तिरुवनंतपुरममध्ये २०१३ साली हार्ट फेल्युअरच्या १,२०५ रोग्यांची नोंदवही झाली. त्यात बायका ३१ टक्के. पुढे देशभरातल्या ५३ रुग्णालयांतून सुमारे अकरा हजार रोग्यांची राष्ट्रीय नोंदवही झाली. त्यातही बायका ३१ टक्के, आणि सरासरी वय साठीच्या आत. आपल्याकडे हा आजार मुख्यतः हार्ट अटॅकमधून येतो, त्यामुळे पुरुषांचं पारडं काहीसं जड असणारच. पण आयुष्यभराचा धोका सारखा असेल, तर उरलेल्या बायका कुठे आहेत?

याचं काहीसं उत्तर दिल्लीच्या एम्समधून मिळतं. तिथल्या बाह्यरुग्ण विभागातल्या २०१६ सालच्या तेवीस लाखांहून अधिक भेटी, स्त्रीरोग आणि प्रसूती वगळून, तपासल्या गेल्या. शंभर बायकांमागे १६९ पुरुष आले होते, आणि ज्या राज्यांतून ते आले तिथल्या लोकसंख्येत शंभरामागे १०९ पुरुष आहेत. तफावत सर्वांत मोठी होती ती लहान मुली आणि साठीपुढच्या बायका यांच्यात. जितकं गाव लांब, तितक्या बायका कमी. दुखणं अंगावर काढायची सवय एकट्या बाईची नसते, सगळ्या घराची असते. तिला न्यायचं तर एकाची रोजी बुडते, गाडीभाडं लागतं, आणि परत येईपर्यंत चूल कोणी पेटवायची हा प्रश्न राहतोच.

जी पोचते तिचीही चुकामूक होऊ शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, तर त्याच वयाच्या २५ टक्के पुरुषांना. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक बायका त्यात मोडतात. थकवा आणि धाप घेऊन आलेल्या बाईला रक्त कमी आहे हे निदान त्यामुळे चटकन मिळतं, आणि ते खरंही असतं. लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पण रक्तक्षय आणि हार्ट फेल्युअर एकत्र नांदू शकतात, एकमेकांना बळ देतात, आणि पहिलं सापडलं की दुसऱ्याचा शोध थांबतो. शिवाय लहानपणच्या सांधेतापाने आकसलेली हृदयाची झडप हेही आपल्याकडे तरुण बायकांच्या धापेचं मोठं कारण आहे. ते अनेकदा पहिल्या गरोदरपणात उघड होतं.

भारताच्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांनी असा शोध अर्ध्यावर थांबवला नव्हता. १९१७ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या आणि २०२० साली १०३व्या वर्षी वारलेल्या पद्मावतींनी १९५९ साली दिल्लीतल्या १२७ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुफ्फुसं खराब होऊन हृदयाची उजवी बाजू निकामी झालेले हे रोगी होते. हा आजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा, असं परदेशी पुस्तकांत लिहिलेलं. पद्मावतींच्या रोग्यांत विडी न ओढणाऱ्या बायका मोठ्या संख्येने होत्या आणि वयाने लहान होत्या. त्या कुठे राहतात आणि कशावर स्वयंपाक करतात हे त्यांनी पाहिलं, आणि बंद खोलीतला शेणाच्या गोवऱ्यांचा धूर हे कारण मांडलं.

उपचार सुरू झाल्यावरचं चित्रही दोघांचं सारखं नाही. दोन मोठ्या औषधचाचण्यांतल्या १२,०५८ पुरुष आणि ३,३५७ बायकांची तुलना २०१९ साली प्रसिद्ध झाली. बायका पुरुषांपेक्षा जास्त जगत होत्या, पण त्यांची लक्षणं अधिक त्रासदायक होती आणि जगण्याचा दर्जा खालचा होता. यातलं किती शरीरामुळे आणि किती परिस्थितीमुळे, हे आकड्यांवरून सुटत नाही. घरात पाहिलं तर काही दिसतं. मीठ कमी करा असं पुरुषाला सांगितलं की त्याच्यासाठी आळणी भाजी वेगळी काढली जाते. बाईला सांगितलं तर ती सगळ्यांसाठी नेहमीची भाजी करते आणि दोन भाज्या कुठे करायच्या म्हणून तीच खाते, वर लोणचं आणि पापड. त्याचं वजन रोज सकाळी कोणीतरी वहीत लिहून ठेवतं. तिच्या पायाची सूज तिलाच आधी दिसते आणि ती कोणाला सांगत नाही.

लघवीच्या गोळीची तर वेगळीच कथा. अंगातलं पाणी काढणारी ही गोळी सकाळी घेतली की पुढचे काही तास वारंवार जावं लागतं. एसटीने तालुक्याला जायचंय, लग्नाला जायचंय, शेतावर दिवस काढायचाय, आणि वाटेत बाईला जाण्याजोगी जागा नाही, म्हणून गोळी चुकवली जाते. दोन दिवस लग्नघरात गेले, तिसऱ्या दिवशी पायावर सूज, चौथ्या रात्री धाप. केसपेपरवर 'औषध नियमित घेत नाही' असा शेरा पडतो. त्या दिवशी तिने काय करायला हवं होतं, याचं उत्तर साधं आहे आणि ते प्रत्येक डॉक्टरला माहीत असतं: डॉक्टरशी आधी बोलून, प्रवासाच्या दिवशी ही गोळी घरी परतल्यावर, दुपारी उशिरा घेता येते. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं तर वाट न पाहता फोन करायचा असतो. हे तिला प्रिस्क्रिप्शन हातात देतानाच, तिच्या भाषेत, सांगितलं जायला हवं.